सेंट्रालिया (पेनसिल्व्हेनिया)

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, कोलंबिया काउंटीत असलेलं कोळसा खाणीचं छोटं गाव. 1962 मध्ये जमिनीखालच्या कोळशाला आग लागली आणि पुढे गाव जवळजवळ रिकामं झालं. कागदोपत्री 'बरो', म्हणजे छोट्या शहराचा दर्जा, पण आपल्या हिशोबाने खेडंच, कारण अगदी भरात असताना, 1890 च्या जनगणनेत, वस्ती 2,761 होती आणि 2020 मध्ये मोजून 5 माणसं.

इथला कोळसा अँथ्रासाइट, म्हणजे कडक आणि कमी धूर करणारा. 1850 च्या दशकात अलेक्झांडर रे या खाण इंजिनिअरने प्लॉट पाडले, नाव ठेवलं सेंटरव्हिल, पण त्या नावाचं पोस्ट आधीच दुसरीकडे होतं म्हणून 1865 च्या सुमारास सेंट्रालिया झालं. 1868 मध्ये रेचा खून झाला, तो मॉली मॅग्वायर्स या आयरिश खाणकामगारांच्या गुप्त संघटनेच्या नावावर आहे, तिघांना फाशीही झाली.

गाव आगीने संपलं असं सगळे म्हणतात, ते अर्धंच खरं. 1929 च्या मंदीत पाच खाणी बंद पडल्या, मग लोकं चोरून खाली उतरून छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे खांबच काढायला लागली, त्यामुळे बोगदे ढासळले आणि पुढे आग विझवणं अजून अवघड झालं.

आग लागली कशी यावर वाद आहे. सर्वात जास्त मानलं जाणारं मत असं, की मे 1962 मध्ये मेमोरियल डेच्या (युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनाच्या) आधी कचरा डेपो साफ करायचा म्हणून तो पेटवला. डेपो म्हणजे स्मशानभूमीजवळचा जुन्या उघड्या खाणीचा खड्डा, त्याच्या भिंतीत एक भोक बुजवायचं राहून गेलेलं, तिथून आग थेट कोळशाच्या थरात गेली. दुसरं मत, कुणीतरी आदल्या दिवशी गरम राख टाकली. तिसरं, 1932 मधली बास्ट खाणीची आग कधी पूर्ण विझलीच नव्हती. पहिलं मत जास्त पटतं, कारण आग आधी डेपोतच दिसली. तिसऱ्याला तसा पुरावा कमी. विझवायचे प्रयत्न झाले, एकदा खडीचा चुरा पाण्यात कालवून बोगद्यात सोडायचा होता तर थंडीने पाण्याचे पाईपच गोठले.

1979 मध्ये एका पेट्रोल पंपाच्या मालकाने जमिनीखालच्या टाकीत मोजपट्टी घातली तर ती गरम लागली, मग थर्मामीटर सोडला, पेट्रोल 77.8 डिग्री सेल्सियस! 1981 मध्ये 12 वर्षांच्या मुलाच्या पायाखाली जमीन खचली, झाडाचं मूळ धरून राहिला, चुलतभावाने ओढून काढला. 1984 मध्ये संसदेने स्थलांतरासाठी 4 कोटी 20 लाख डॉलर दिले, 1992 मध्ये राज्याने उरलेली घरं ताब्यात घेतली, 2002 मध्ये पिनकोडही गेला. शेवटच्या काही रहिवाशांना 2013 च्या तडजोडीत हयात असेपर्यंत राहायची परवानगी मिळाली.

टेकडीवरचं युक्रेनियन चर्च मात्र वाचलं, खाली कोळसा नाही, नुसता खडक आहे असं तपासणीत निघालं. तिथे अजून प्रार्थना होते.