शेतातल्या धावपट्टीवरचा उन्हाळी मेळावा : पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये जून ते ऑगस्टच्या एखाद्या शनिवारी कुणा शेतकऱ्याच्या गवती पट्टीवर छोटी विमाने एकामागून एक उतरू लागतात. मालक पंखाच्या सावलीत बसतात, एकमेकांची इंजिने उघडून बघतात, खातात-पितात आणि अंधार पडायच्या आत घरी परततात. याला तिकडे ‘फ्लाय-इन’ म्हणतात. बघणाऱ्याला हा पैसेवाल्यांचा शौक वाटतो. इतिहास चाळला तर मात्र यातले बरेचसे सामान दोन महायुद्धांनी मागे टाकलेले निघते.

सुरुवात इंजिनापासून करावी लागते. पहिल्या महायुद्धानंतर रेनॉ कंपनीची आठ सिलिंडरची विमान-इंजिने ढिगाने पडून होती. फ्रँक हॅलफर्ड या अभियंत्याने त्यांचे भाग वापरून, जवळपास निम्मे इंजिन म्हणता येईल असे चार सिलिंडरचे ‘सिरस’ तयार केले. ते बसवलेले ‘मॉथ’ हे दोन आसनी विमान जेफ्री द हॅविलंड यांनी २२ फेब्रुवारी १९२५ रोजी प्रथम उडवले. त्याचे पंख मागे दुमडता येत, त्यामुळे विमान ठेवायला मोठ्या हँगरची गरज उरली नाही. सरकारनेही त्याच वर्षी लंडन, लँकेशायर, न्यूकॅसल इथल्या फ्लाइंग क्लबांना अनुदान देऊ केले. खासगी उड्डाण सामान्यांच्या नाही, तरी निदान डॉक्टर-व्यापाऱ्यांच्या आवाक्यात आले ते इथून.

मॉथला आणि १९३१ साली आलेल्या टायगर मॉथला मुळात ब्रेक नव्हते. शेपटीखाली चाकाऐवजी धातूची घसरपट्टी असे. ती गवतात रुतत रुतत विमान थांबवी. अशा विमानाला डांबरी धावपट्टी गैरसोयीचीच. त्या काळातले बरेच विमानतळही म्हणजे नुसती मोकळी कुरणे असत, वारा येईल त्या दिशेला तोंड करून उतरायचे. म्हणून १९३२ ते १९३५ या काळात वैमानिक ॲलन कोबम यांचा हवाई कसरतींचा ताफा गावोगाव फिरला, तेव्हा त्याला शेतेच पुरली. शेतात उतरणे ही तेव्हा नवलाई नव्हती, रीतच होती.

युद्धाने हे सगळे थांबवले. ३ सप्टेंबर १९३९ पासून खासगी उड्डाणांवर बंदी आली. खासगी उड्डाणे पुन्हा सुरू झाली ती थेट १ जानेवारी १९४६ला. मधल्या काळात इंग्लंडच्या पूर्व भागात शेतजमिनी घेऊन विमानतळ उभे राहिले होते. मोठ्या बाँबर तळाच्या मुख्य धावपट्टीची ठरलेली लांबी २,००० यार्ड होती. शांतता झाल्यावर त्यांतले बरेच तळ पुन्हा शेतीकडे गेले. काँक्रीट फोडून रस्त्यांच्या भरावात घातले गेले, नॉरफोकमध्ये काही धावपट्ट्यांवर टर्कीपालनाच्या लांबलचक शेड उभ्या राहिल्या. पण कुठे कडेचा एखादा तुकडा, कुठे जुने हँगर शिल्लक राहिले आणि शेतकऱ्याला उडण्याची हौस असली तर ते पुरेसे होते. हवाई दलाने प्रशिक्षणातून काढलेली टायगर मॉथ आणि तोफखान्यासाठी टेहळणी करणारी ऑस्टर विमाने बाजारात आली. ऑस्टर तर रणांगणाजवळच्या तोकड्या शेतातूनच उडण्यासाठी बनवलेले होते.

१९४६ सालीच ‘अल्ट्रा लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन’ स्थापन झाली. १९५२ साली ती ‘पॉप्युलर फ्लाइंग असोसिएशन’ झाली, २००८ पासून ‘लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन’. तिने घरी बांधलेल्या विमानांची तपासणी स्वतःकडे घेतली आणि चार-पाच जणांनी मिळून एक विमान बाळगण्याची पद्धत रुजवली. अशा विमानांचे ‘परमिट’ बराच काळ फक्त दिवसाच्या, नजरेने दिसेल अशा उड्डाणापुरते असे. मेळावे उन्हाळ्यातच का, याचे अर्धे उत्तर इथे आहे. उरलेले अर्धे लांबलेल्या संध्याकाळींत आणि कोरड्या गवतात. संघटनेचा वार्षिक मेळावा पुढे क्रॅनफील्डसारख्या मोठ्या विमानतळांवर भरू लागला. माझ्या मते, शेतातल्या छोट्या मेळाव्यांना रंग चढण्याचे तेही एक कारण असावे : गर्दीला कंटाळलेली माणसे आपल्यासारखीच विमाने असणाऱ्यांकडे वळली.

कायद्याचा वाटाही मोठा आहे. १९४७च्या नगर नियोजन कायद्यानंतर जमिनीचा वापर बदलायला परवानगी लागू लागली. पण तात्पुरत्या वापराला सूट मिळाली आणि इंग्लंडमध्ये ती वर्षाला २८ दिवसांची म्हणून सर्वांना पाठ आहे. कायमची परवानगी न मागता शेतकरी या हिशेबात पट्टी चालवू शकतो. ज्यांनी रीतसर परवानगी घेतली त्यांच्यावरही उड्डाणांच्या संख्येची मर्यादा असू शकते. म्हणून आधी फोन करून यजमानाची संमती घेणे हा इथला पक्का रिवाज आहे. अमुक खेड्यावरून उडू नका, तमुक घराला वळसा घाला, अशा सूचना त्यातच मिळतात. शेजाऱ्यांच्या एका तक्रारीने पट्टी बंद पडू शकते, हे सगळे जाणून असतात.

यजमानाची शेवटची चिंता पावसाची. ब्रिटिश नागरी हवाई प्राधिकरणाच्या मार्गदर्शक आकड्यांनुसार कोरड्या गवतावर उड्डाण घेण्यासाठी लागणारे अंतर डांबरी धावपट्टीपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी वाढते, ओल्या गवतावर ३० टक्क्यांनी. ५००-६०० मीटरच्या पट्टीला, तीही टोकाला कुंपण असलेल्या, ही वाढ झेपत नाही. त्यामुळे शुक्रवारी रात्री जोराची सर आली की शनिवारचा मेळावा रद्द झाल्याचा निरोप जातो.