हरणाचे नाक आणि रबरी बूट

मे महिना सरत आला की गोव्यात म्हापशाच्या आणि वाळपईच्या बाजारात दुकानांच्या दारात काळे गमबूट टांगले जातात. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत राबणारा, खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात चिखल तुडवणारा, खाणीवर जाणारा आणि रानात गस्त घालणारा वनरक्षक, सगळ्यांना पावसाळ्यात त्यांचाच आधार. पण हा बूट कसा निवडावा आणि कसा राखावा, याचा कीस सगळ्यात जास्त कुणी पाडला असेल तर तो उत्तर अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्यांनी. त्यांचे हे ज्ञान आपल्या रानात कामाला येते, शिकार सोडून.

शिकारीचा मुद्दा आधीच मिटवलेला बरा. सांबर, चितळ, भेकर, पिसोरी यांपैकी कशावरही बंदूक रोखणे हा आज गोव्यात गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला काही प्राण्यांच्या शिकारीला परवान्याची वाट ठेवली होती. 1991 च्या दुरुस्तीने ती बंद झाली, आणि ते योग्यच झाले. पारधीच्या गोष्टी सत्तरीत आणि सांग्यात जुनी माणसे अजून सांगतात. त्या गोष्टींतला शिकारी मात्र अनवाणी असतो, फार तर पायात वहाणा.

मुळात रबर उन्हाळ्यापुढे टिकतच नव्हते. 1830 च्या दशकात अमेरिकेत रबरी जोड्यांची लाट आली आणि पहिल्याच कडक उन्हाळ्यात ते जोडे चिकट गोळा होऊन दुकानात परत आले. थंडीत तेच लाकडासारखे ताठ. चार्ल्स गुडइअरला 1839 मध्ये कळले की गंधक मिसळून रबराला नेमकी उष्णता दिली की त्याचा लवचीकपणा उन्हातही टिकतो आणि थंडीतही. रबराच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्यांना गंधक जागोजागी बांधून ठेवते, म्हणून ते वितळत नाही. 1844 मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये थॉमस हॅन्कॉकने त्याच्या आधीच अर्ज टाकला होता, त्यामुळे तिथे गुडइअरच्या हाती काही लागले नाही. 1860 मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज होते. ज्याच्यामुळे जगाचे पाय कोरडे राहिले, त्याची ही गत वाचून मला आजही हळहळ वाटते.

पुढे चक्रे भराभर फिरली. हायरम हचिन्सनने 1853 मध्ये फ्रान्समध्ये कारखाना घातला आणि लाकडी खडावांवर शेत करणाऱ्यांच्या पायात रबरी बूट आले. 1856 मध्ये एडिनबरात नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या पाण्याने सैनिकांचे पाय सडू लागले, तेव्हा याच कंपनीने जवळपास 12 लाख जोड पुरवले. कच्चा माल तोवर ब्राझीलवरून आशियात सरकला होता. हेन्री विकमने 1876 मध्ये ब्राझीलमधून 70,000 बिया लंडनला नेल्या, तिथून रोपे सिलोन आणि मलायाला गेली. 1902 मध्ये केरळात पेरियारच्या काठी आपल्या देशातली व्यापारी लागवड सुरू झाली. गोव्याच्या डोंगरउतारांवरही आज रबराच्या बागा आहेत.

शिकाऱ्यांना रबर आधी आवडले ते कोरडेपणासाठी. 1911 मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यातला लिऑन बीन शिकारीहून ओले पाय घेऊन परतला आणि त्याने खाली रबर, वर चामडे असा बूट शिवून घेतला. विकलेल्या पहिल्या 100 जोडांपैकी 90 परत आले, कारण रबर आणि चामड्यामधली शिवण उसवत होती. त्याने सगळ्यांचे पैसे परत केले आणि बूट सुधारला.

वासाचा विचार आधीपासून होता तो कोल्ह्यांसाठी सापळे लावणाऱ्यांकडे. चामडे घाम पिते आणि पावलागणिक तो वास जमिनीवर सोडते. रबरातून तो झिरपत नाही. हरिण स्वतःच खुरांच्या फटीतल्या ग्रंथींनी वाटेवर वास ठेवत चालते, म्हणजे जमीन हुंगून बातमी काढणे हा त्याचा रोजचाच व्यवहार. धनुष्यबाण घेऊन पांढऱ्या शेपटीच्या हरणाची जवळून शिकार करणाऱ्यांनी म्हणूनच रबरी बूट उचलले. त्यांचे नियम कडक असतात: नवा बूट हंगामाआधी सावलीत वाऱ्याला ठेवायचा, तो घालून पेट्रोल पंपावर जायचे नाही, विजारीचे पाय बुटाच्या आत खोचायचे. आत कोंडलेला वास चालताना वरच्या तोंडातून लोहाराच्या भात्यातल्या हवेसारखा बाहेर पडतो, म्हणून शेवटची काळजी.

म्हादईच्या रानात कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोर आले की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लावणाऱ्याला हे सगळे जसेच्या तसे लागू पडते. जनावर बुजू नये हीच त्याचीही गरज. शिवाय जळवा, घोणस आणि चापड्यासारखे विषारी साप आणि लेप्टोस्पायरोसिस हा ताप पसरवणारे पाणी यांपासून पोटरीपर्यंतचा बूट पाय वाचवतो.

निवडताना टाच बघावी. मोजा घालून दुकानातच दहा पावले चालावे; टाच आत वरखाली होत असेल तर चढावर फोड ठरलेला. निओप्रीन या फोमसारख्या कृत्रिम रबराचे अस्तर बर्फासाठी आहे, आपल्या दमट हवेत त्यात पाय उकडून निघतात. आणि आपल्याकडे रबरी म्हणून मिळणारे बहुतेक बूट पीव्हीसी या प्लास्टिकचे असतात, साच्यात एकसंध ओतलेले. खऱ्या रबराचा बूट पट्ट्या एकावर एक चढवून बांधतात आणि मग भट्टीत पक्का करतात, म्हणून त्यावर जोडांच्या कडा दिसतात. पीव्हीसी स्वस्त आणि शेतीला पुरेसे, पण जुने झाले की ताठरते. दिवसभर डोंगर चढणाऱ्याने जास्त पैसे मोजून रबरच घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

रबर मरते ते उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने, तेही ताण पडतो तिथे. घोट्यापाशी बूट जिथे दुमडतो ती घडी अंगठ्याने उघडून बघा: केसाएवढ्या बारीक समांतर चिरा दिसल्या तर पाणी शिरायला फार दिवस नाहीत. म्हणून बूट दुमडून ठेवू नये, उन्हात वाळवू नये. चिखल साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावा, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून ते ओले झाले की बदलावेत. रॉकेल किंवा डिझेलने पुसून चकाकी आणायची सवय अनेकांना आहे. त्याने रबर फुगते आणि सैल पडते. वर आलेली पांढरट भुकटी बहुतेक वेळा बुरशी नसते. रबरातले मेण किंवा गंधक पृष्ठभागावर येते, ओल्या फडक्याने पुसले की जाते. आतली बुरशी मात्र खरी असते, आणि श्रावणात ती दोन दिवसांत धरते.

ठेवायची जागा पडवीतली, सावलीची, तोंड खाली करून काठीवर. पायात घालण्याआधी उलटा करून झटकायचा, कारण विंचवालाही पावसात कोरडी जागा हवी असते.