पोषण निरीक्षणातील चॅटबॉट

प्राथमिक आरोग्य सेवेच्या कक्षेतील लोकांचा आहार, वजन आणि कुपोषणाची लक्षणे यांची माहिती संवादातून गोळा करणारी आणि कोणाला तपासणीसाठी बोलवावे हे आरोग्य कर्मचाऱ्याला सुचवणारी संगणकप्रणाली. ती बहुधा मोबाइलवरच्या संदेश-ॲपमधून, लेखी किंवा बोलून चालते.

१९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने पुरेसे अन्न व योग्य पोषण यांना प्राथमिक आरोग्य सेवेत स्थान दिले. निरीक्षणाची खरी अडचण असते ती दोन भेटींमधल्या काळाची. बाळाला जुलाब लागले, वरचे अन्न सुरू करायचे राहून गेले, तर नोंदवहीला ते कळते वजन घसरल्यावर. हा मधला काळ पकडणे हेच चॅटबॉटचे काम. निदान करणे नव्हे.

आहाराची माहिती साधारणपणे चोवीस तासांच्या आठवणीवरून घेतात. ‘बाळ रोज काय खाते?’ असे विचारले की आदर्श उत्तर मिळते. त्याऐवजी ‘काल सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय दिले? त्यानंतर?’ असे टप्प्याटप्प्याने विचारून शेवटी ‘मध्ये काही चाखवले का?’ हा प्रश्न टाकावा लागतो. उत्तरांतले पदार्थ मग अन्नगटांत मांडले जातात. ६ ते २३ महिन्यांच्या बाळांसाठी आईचे दूध धरून आठ गट मानतात. आदल्या दिवशी त्यांतले किमान पाच पोटात गेले असावेत, असा निकष आहे. मात्र तो लोकसमूहाच्या पाहणीसाठी ठरवलेला आहे. एखाद्या बाळाला एका दिवसावरून ‘नापास’ करणारा चॅटबॉट चुकीचाच म्हणायचा.

मोजमापांत घरी जमण्यासारखे म्हणजे दंडाचा घेर. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलात तो ११५ मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास तीव्र कुपोषण, ११५ ते १२५ च्या दरम्यान असल्यास मध्यम कुपोषण समजतात. दोन्ही पायांवर दाबल्यावर खड्डा पडणारी सूज असेल, तर आकडा कितीही असो, मुलाला तातडीने केंद्रात पाठवावे लागते. आलेला आकडा तसाच स्वीकारून चालत नाही. मागच्या महिन्यात ७.८ किलो असलेले बाळ आज ८७ किलोचे नोंदवले गेले, तर चॅटबॉटने तिथल्या तिथे पुन्हा विचारले पाहिजे.

रचनेनुसार दोन प्रकार पडतात. एकात प्रश्न आणि उत्तरे आधीच ठरलेली असतात. तो रुक्ष वाटतो, पण भलते काही बोलत नाही. दुसरा मोठ्या भाषा-प्रारूपांवर, म्हणजे प्रचंड मजकुरावरून भाषा शिकलेल्या संगणकप्रणालींवर चालतो. तो मोकळी, अर्धवट वाक्ये समजून घेतो, पण आत्मविश्वासाने चुकीचा सल्लाही देऊ शकतो. खाण्याच्या विकारांनी त्रस्त लोकांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशनने २०२३ मध्ये ‘टेसा’ हा चॅटबॉट बंद केला, कारण तो वजन घटवण्याचे सल्ले देत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. म्हणून समजून घेण्याचे काम भाषा-प्रारूपाकडे आणि सल्ल्याचा मजकूर तज्ज्ञांनी तपासलेला, अशी विभागणी अधिक सुरक्षित ठरते.

मर्यादाही आहेत. लोक खाल्लेले कमी सांगतात, हे आहार-पाहण्यांत वारंवार दिसले आहे. यंत्राने विचारल्याने ते आपोआप सुधारत नाही. घरात फोन एकच असेल, तर आईऐवजी दुसराच कोणी उत्तर देतो, आणि तिची माहिती घरातल्या सगळ्यांसमोर उघडी पडते. इशारा गेल्यावर तो कोणी, किती वेळात पाहायचा हे केंद्रात ठरलेले नसेल, तर तो तसाच पडून राहतो. खुजेपणाची नोंद मात्र केंद्रातच व्हावी लागते: दोन वर्षांखालील बाळाची लांबी आडवे झोपवून मोजतात, आणि त्यासाठी मोजपट्टीचा फळा व दोन माणसे लागतात.