डोपामीन आणि कामात रमलेला मेंदू

मेंदूत संदेश वाहणारे डोपामीन हे ‘आनंदाचे रसायन’ आहे, ही समजूत समाजमाध्यमांनी इतकी पक्की करून टाकली आहे की ‘डोपामीन उपवास’ करून, म्हणजे मोबाइलसारख्या सुखांपासून काही काळ दूर राहून, मेंदू ताजातवाना करण्याचे सल्लेही आता सर्रास दिले जातात. अशा उपवासाने मोबाइलचा नाद थोडा सुटला तर उत्तमच. मात्र एक दिवस स्वस्थ बसल्याने मेंदूतील डोपामीन ‘शुद्ध’ होते, या म्हणण्याला आधार नाही. मुळात हे रसायन आनंदाचे आहे, हेच संशयास्पद आहे. ज्या उंदरांच्या मेंदूतील जवळजवळ सर्व डोपामीन नष्ट केले होते, तेही जिभेवर साखरेचे पाणी टाकताच निरोगी उंदरांप्रमाणे ओठ चाटत होते, असे मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांना आढळले. त्यांना गोडी कळत होती. अन्न समोर असूनही ते खायला पुढे मात्र होत नव्हते.

मग डोपामीन नेमके काय करते? वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील एकेका चेतापेशीच्या विद्युतस्पंदनांची नोंद घेतली. माकडाला अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की डोपामीन सोडणाऱ्या पेशींची स्पंदने वाढत. दिवा लागल्यानंतर रस मिळतो, हे माकडाच्या ध्यानात आल्यावर मात्र स्पंदने दिवा लागताच वाढू लागली आणि प्रत्यक्ष रस मिळताना पेशी जणू उदासीन राहिल्या. दिवा लावून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी स्पंदने मंदावली. म्हणजे या पेशी रस मोजत नव्हत्या. मिळालेल्यातून अपेक्षित वजा केल्यावर जे उरते, ते मोजत होत्या. 1997 मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी दाखवले की ही वजाबाकी संगणकांना शिकवण्यासाठी रचलेल्या एका समीकरणाशी जुळते. त्या समीकरणात आत्ता मिळालेल्या बक्षिसात पुढच्या क्षणाविषयीचा अंदाज मिळवतात आणि त्यातून आधीच्या क्षणाचा अंदाज वजा करतात; बाकी धन आली तर आधीचा अंदाज वाढवतात, ऋण आली तर घटवतात, आणि म्हणूनच हा संकेत सरावागणिक रसाकडून दिव्याकडे, म्हणजे परिणामाकडून त्याच्या खुणेकडे, मागे सरकतो.

ही वजाबाकी मला फार मोहक वाटते. ज्या गोष्टीचा शेवट पूर्णपणे ठाऊक आहे, तिची बाकी शून्य. थोडे अवघड, परिणाम डोळ्यांना दिसणारे आणि अंदाज सतत सुधारायला लावणारे काम असेल, तर बाकी वारंवार धन येत राहते. माणसाच्या समाधानाचा सगळा हिशेब यात मावतो, असे अर्थातच नाही.

कष्टांचा धागाही येथेच जुळतो. जॉन सलामोन यांच्या प्रयोगांत उंदरांपुढे दोन वाटा होत्या: एकीवर थोडे अन्न सहज मिळे, दुसरीवर जास्त, पण त्यासाठी अडथळा चढावा लागे. निरोगी उंदीर बहुधा अडथळा चढत. डोपामीन घटवलेले उंदीर थोडक्यावर भागवत. सोपी वाट रिकामी ठेवली, तर तेही अडथळा चढत. याचा अर्थ त्यांची भूक आणि ताकद शाबूत होती. बदलला होता तो श्रमांचे मोल ठरवणारा निर्णय.

नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला ‘ऊठ, काहीतरी कर’ असे सांगणे म्हणूनच बहुधा व्यर्थ जाते, कारण अनेकदा नेमकी हीच तोलण्याची क्षमता मंदावलेली असते. ‘बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन’ (आधी कृती सुरू करून देणाऱ्या) या उपचारपद्धतीत उत्साह येण्याची वाट पाहिली जात नाही. रुग्णाला स्वतःला महत्त्वाची वाटणारी कामे अगदी लहान टप्प्यांत फोडून ठरलेल्या वेळी केली जातात आणि त्यानंतर मनःस्थिती कशी होती, याची नोंद ठेवली जाते. नील जेकबसन यांच्या गटाने 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत कृतीचा एवढाच भाग वापरलेले रुग्ण, त्याच्या जोडीला विचारांवरही काम करणारी संपूर्ण उपचारपद्धती घेतलेल्या रुग्णांइतकेच सुधारले होते.