पक्ष्यांचं अप-डाऊन

डिसेंबरातल्या एखाद्या संध्याकाळी रोमच्या तेर्मिनी रेल्वे स्थानकातून बाहेर पडलं, की एक विचित्र गोष्ट दिसते. आभाळ निरभ्र असतं, पावसाचा मागमूस नसतो, तरी झाडांखालून जाणारी काही माणसं छत्री उघडून चालत असतात. का, ते मान वर केल्यावर कळतं. छपरांच्या वर धुराचा लोट असावा तसं काहीतरी लांबतं, आखडतं, मध्येच पीळ पडून गडद होतं आणि पुन्हा विरतं. ते असतात स्टार्लिंग, साळुंकीचे युरोपातले भाऊबंद. हजारोंच्या थव्यांनी झोपायला शहरात आलेले. ते एकदा झाडांवर उतरले की खालचा रस्ता विष्ठेने निसरडा होतो. छत्री त्यासाठी.

दिवसभर हे पक्षी शहराबाहेरच्या शेतांत किडे, अळ्या, ऑलिव्ह असं मिळेल ते टिपत असतात. अंधार पडायच्या आत शहराकडे निघतात आणि उजाडताच पुन्हा शेताची वाट धरतात. नोकरदार माणसं सकाळी शहरात येतात नि संध्याकाळी बाहेर पडतात. यांचं अप-डाऊन बरोबर उलट्या दिशेचं.

थंडीत दोन-तीन दिवसांसाठी परक्या शहरात गेलेल्या, हाताशी गाडी नसलेल्या पक्षीवेड्याच्या हे चांगलंच पथ्यावर पडतं. पक्षी बघायचे तर लांब रानात जायला हवं आणि त्यासाठी स्वतःचं वाहन हवं, हा समज निदान हिवाळ्यापुरता तरी मोडीत काढायला हरकत नाही. या दिवसांत पक्षीच शहराच्या मध्यात येतात, आणि तिथे तर प्रत्येक बस, ट्राम, मेट्रो जातेच. आपण फक्त त्यांच्या वेळा ओळखायच्या.

पण ते येतात कशासाठी? पहिलं कारण ऊब. डांबर, काँक्रीट आणि विटा दिवसा ऊन पिऊन घेतात आणि रात्री ती उष्णता सावकाश सोडतात. त्यात घरं तापवणारी यंत्रं आणि वाहनं यांची भर. वारा पडलेल्या निरभ्र रात्री शहराचा मध्यभाग आजूबाजूच्या शेतांपेक्षा काही अंशांनी उबदार राहतो. आपण त्या फरकाने स्वेटरचं एखादं बटणही उघडणार नाही. पक्ष्याचा हिशेब वेगळा आहे. त्याच्या शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि बाहेर शून्याखाली. शिवाय शरीर जितकं छोटं, तितकं वजनाच्या मानाने त्याचं पृष्ठफळ जास्त, म्हणजे उष्णता निसटायला वाटाही जास्त. युरोपातला गोल्डक्रेस्ट हा पक्षी भरतो जेमतेम ५-६ ग्रॅम. असे चिमुकले पक्षी थंडीच्या एका रात्रीत शरीराच्या वजनाचा दहावा हिस्सा केवळ ऊब टिकवण्यासाठी जाळून टाकू शकतात. उत्तर अमेरिकेतला चिकडी तर रात्री शरीराचं तापमान सुमारे १० अंशांनी खाली आणतो, शेगडी मंद करावी तसं. अशा काटकसरीत दोन अंशांची सूट म्हणजे सकाळ बघायला मिळण्याची शक्यता वाढणं. दुसरं कारण सुरक्षिततेचं. भर रस्त्यातल्या दिव्याखाली घुबड सहसा येत नाही.

डब्लिनमध्ये हे फार जुनं आहे. तिथल्या ओ'कॉनेल या मुख्य रस्त्यावरच्या झाडांत १९२९पासून धोबी पक्षी हिवाळी मुक्कामाला येऊ लागले आणि पुढे कित्येक दशकं येत राहिले. एरवी पाण्याकाठी एकेकटा शेपूट हलवत फिरणारा, शेजाऱ्याला जवळ फिरकू न देणारा हा पक्षी. तो शेकड्यांनी दाटीवाटीने बसलेला, आणि खालून दिवे लावलेल्या दुमजली बसगाड्यांची रांग!

तेर्मिनीच्या थव्यांकडे पुन्हा वळायला हवं, कारण त्यांनी भौतिकशास्त्रालाही कामाला लावलं. स्थानकासमोरच पलाझ्झो मासिमो नावाची संग्रहालयाची इमारत आहे. तिच्या गच्चीवर रोममधल्या काही भौतिकशास्त्रज्ञांनी कॅमेरे लावले. एकाच क्षणी वेगवेगळ्या जागांवरून छायाचित्रं घ्यायची आणि त्यांवरून प्रत्येक पक्ष्याची त्रिमितीतली नेमकी जागा काढायची, असं ते किचकट काम होतं. थव्यातला प्रत्येक पक्षी आपल्यापासून ठरावीक अंतरापर्यंतच्या सगळ्यांकडे बघून दिशा ठरवत असेल, असं तोवर बहुतेकांनी धरलं होतं. २००८मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष वेगळाच निघाला. पक्षी अंतर मोजत नाही, डोकी मोजतो. सर्वांत जवळचे सहा-सात शेजारी, मग ते हातभर लांब असोत की चार हात, त्यांच्याशी तो आपली गती जुळवतो. यात मोठी खुबी आहे. ससाणा घुसला की थवा ताणला जातो, पक्ष्यांमधली अंतरं वाढतात. अंतराचा नियम असता तर कडेचे पक्षी नियमाबाहेर पडून एकटे राहिले असते, आणि एकटा राहिलेला पक्षी म्हणजे ससाण्याचा घास. सहा-सात जणांची गाठ मात्र ताणली तरी सुटत नाही. या संशोधकांपैकी एक होते जॉर्जो पारिसी. त्यांना पुढे २०२१मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, गुंतागुंतीच्या, विस्कळीत व्यवस्थांवरच्या त्यांच्या आयुष्यभराच्या कामासाठी. गाडी सुटायला अर्धा तास असेल तर तोच देखावा स्थानकासमोरच्या फुटपाथवरून फुकट दिसतो, हे मला त्या शोधाइतकंच आवडतं.

कुरवांची तऱ्हा निराळी. ते माणसांसारखेच वागतात: दिवसा शहरात खायला, रात्री बाहेर झोपायला. दिवेलागणीला नदीवरच्या पुलावर उभं राहिलं तर पाण्याच्या रेषेवरून त्यांच्या ओळीच्या ओळी मोठ्या जलाशयांकडे जाताना दिसतात. लंडनमध्ये काळ्या डोक्याचा कुरव हिवाळ्यात नित्यनेमाने यायला लागला तो १९व्या शतकाच्या अखेरीच्या कडाक्याच्या थंड्यांमध्ये. त्याआधी तिथे तो अपूर्वाईचा पाहुणा होता. नवखा माणूस हमखास फसतो तो याच्या नावाने. हिवाळ्यात याचं डोकं काळं नसतंच. ते पांढरं होतं आणि डोळ्यामागे शाईचा एक ठिपका तेवढा उरतो. पुलाच्या कठड्यावर तो इतका जवळ बसतो की पायातल्या कड्यावरचे आकडे साध्या दुर्बिणीने वाचता येतात. ते आकडे पक्ष्यांना कडी घालणाऱ्या संस्थेला कळवले, की तो कुठला ते उलगडतं. बाल्टिक समुद्राकाठचे कुरव लंडनमध्ये येतात, हे असंच कळलेलं आहे.

गोठवणाऱ्या प्रदेशातल्या शहरात गेलात तर एकच प्रश्न विचारायचा: इथलं पाणी कुठे गोठत नाही? स्टॉकहोममध्ये मेलारेन सरोवराचं पाणी राजवाड्याला वळसा घालून बाल्टिक समुद्रात उतरतं. वाहतं पाणी सहज गोठत नाही. आसपासची तळी पांढरी पडली की पाण्यात बुडी मारणारी बदकं इथे गोळा होतात. शेंडी बदकं, गोल्डनआय, हंस असे सगळे भुयारी रेल्वेच्या स्थानकांपासून पायी काही मिनिटांवर, भर राजधानीत. बर्फाच्या कडेवर अनवाणी उभं राहून त्यांना काही होत कसं नाही, याचं उत्तर त्यांच्या पायांतच आहे. पायाकडे जाणारी गरम रक्ताची वाहिनी आणि पायातून परतणारी थंड रक्ताची वाहिनी एकमेकींना चिकटून जातात. उतरणारं रक्त वाटेतच आपली ऊब चढणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं. पाय गार राहतात, पण ऊब धडाकडे परत जाते, आणि थंड पायातून बर्फाला देण्याजोगं फारसं काही उरत नाही.

न्यूयॉर्कमध्ये तर रेल्वे आणि पाणथळ एकमेकांना अक्षरशः टेकलेले आहेत. 'ए' मार्गाची सबवे, म्हणजे तिथली भुयारी रेल्वे, हॉवर्ड बीच स्थानक सोडल्यावर जमैका बे नावाच्या खाडीवरून धावू लागते. ब्रॉड चॅनेलला उतरून चालत गेलं की पक्षी अभयारण्य. तिथली दोन मोठी तळी नैसर्गिक नाहीत, १९५०च्या दशकात बांध घालून केलेली आहेत. हिवाळ्यात आर्क्टिकमधून उतरलेले ब्रँट नावाचे काळसर कलहंस या खाडीत वास्तव्याला असतात. डब्याच्या खिडकीतूनही त्यांचे थवे दिसतात, फक्त डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना मान वळवायची तयारी हवी.

समुद्रकाठच्या शहरात मात्र गाडीच्या वेळापत्रकाला आणखी एक वेळापत्रक जोडावं लागतं, भरती-ओहोटीचं. ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि चिखलपक्षी पार टोकाला, ठिपक्यांएवढे. भरती चढू लागली की पाणीच त्यांना हाकत तुमच्याकडे आणतं. म्हणून भरतीच्या तासा-दोन तास आधी पोहोचावं. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काल बरोबर वेळेला पोहोचवणारी बस आज तुम्हाला रिकाम्या चिखलासमोर उतरवू शकते. सिंगापूरच्या सुंगेई बुलोह या पाणथळ राखीव क्षेत्राला क्रांजी मेट्रो स्थानकावरून बसने जाता येतं. तिथे थंडी नसतेच. तरी सैबेरियाकडचे सोनेरी चिखल्ये उत्तरेकडचा हिवाळा चुकवून येतात, आणि भरतीला खाडीतून उठून राखीव क्षेत्रातल्या तळ्यांवर येऊन बसतात. टोकियोत कासाई रिनकाई उद्यान त्याच नावाच्या स्थानकासमोरच आहे. त्यापुढच्या उपसागरात शिंपल्यांसाठी बुड्या मारणारी स्कॉप बदकं हजारोंनी तरंगत असतात. ही किनारपट्टी २०१८मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली.

दिवस लहान असतो, ही तक्रार नेहमी ऐकू येते. डिसेंबरात लंडनला सूर्य आठ तासही टिकत नाही. मला त्यात सोयच दिसते. उन्हाळ्यात पक्ष्यांच्या लगबगीची वेळ गाठायची तर पहाटे चारला उठायला हवं, आणि तेव्हा गाड्या सुरू झालेल्या नसतात. हिवाळ्यात आठला उजाडतं. रात्रभराच्या उपासाने व्याकूळ झालेले छोटे पक्षी नेमके त्याच वेळी खाण्यावर तुटून पडतात, आणि रात्रीची बेगमी करायला मावळतीआधी पुन्हा एकदा. मधल्या निवांत वेळात संग्रहालय बघा, जेवा. झाडं निष्पर्ण असल्याने दिसण्यातही अडचण नाही. वेगवेगळ्या जातींचे छोटे पक्षी या दिवसांत एकत्र टोळीने फिरतात, त्यामुळे पंधरा मिनिटं काहीच नाही आणि मग एकाच झाडात पाच जाती, असं होतं. टोळी सापडली की हलू नका.

लाल फळांची झाडं तेवढी ध्यानात ठेवा. शोभेसाठी ती वाहनतळांवर आणि स्थानकांच्या आवारात लावलेली असतात. एखाद्या वर्षी उत्तर युरोपात फळं कमी पडली, की वॅक्सविंग नावाचे तुरेवाले, गुबगुबीत पक्षी झुंडीने दक्षिणेला सरकतात आणि अशाच झाडांवर धाड घालतात. ते दरवर्षी येतील असं नाही. आले तर पाच मीटरवरही तुमच्याकडे बघणार नाहीत, इतके खाण्यात दंग.

स्थानकाजवळ एखादा उंच मनोरा असेल तर त्याच्या कंगोऱ्यांवर नजर टाकावी. कड्यांवर राहणारा बहिरी ससाणा इमारतींनाच कडे मानून शहरात स्थिरावला आहे. इंग्लंडमधल्या डर्बी शहरात कॅथेड्रलवरच्या ससाण्यांच्या शिकारीचे अवशेष तपासले, तर त्यांत रात्री स्थलांतर करणारे पक्षी निघाले. शहराच्या दिव्यांनी खालून उजळलेली त्यांची पोटं ससाण्याला दिसतात आणि तो अंधारातही शिकार साधतो. ज्या उजेडाने झाडावरच्या धोब्याला आसरा दिला, तोच वरून जाणाऱ्याचा घात करतो.

सामानाचं थोडक्यात. ८×३२ किंवा ८×४२ दुर्बीण पुरे. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. हिवाळी मळभात ४२चा व्यास उजवा, खिशाच्या दृष्टीने ३२चा. दहा पट मोठं दाखवणारी घेऊ नये असं माझं मत, कारण थंडीने थरथरणाऱ्या हातांचं कंपनही ती दहा पट मोठं करते. गारठलेली दुर्बीण उबदार बसमध्ये तशीच गळ्यात ठेवली तर आतली वाफ भिंगावर दव होऊन बसते. चढण्याआधी ती पिशवीत बंद करावी. आणि दुमजली बस मिळाली तर वरच्या मजल्यावर पुढची जागा पकडा. पक्षी घाबरतात ते माणसाच्या आकृतीला, वाहनाला नाही, आणि तिथे तुम्ही झाडाच्या शेंड्याच्या बरोबरीला बसलेले असता.

रात्री मुक्कामी परतताना युरोपातल्या कुठल्याही शहरात ट्रामच्या थांब्यावर एखादा रॉबिन गाताना कानावर पडू शकतो. हिवाळ्यात नर आणि मादी दोघंही आपापला इलाखा राखतात आणि दोघंही गातात. रस्त्यावरच्या दिव्यांनी त्याला दिवस वाटत असावा, असा लोकांचा तर्क होता. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये २००७च्या एका अभ्यासात वेगळंच आढळलं. जिथे रात्री उजेड जास्त तिथे नव्हे, तर जिथे दिवसा गोंगाट जास्त, तिथले रॉबिन रात्री गात होते. दिवसभर रहदारीत आवाज पोहोचत नाही, म्हणून ते रस्ता रिकामा होण्याची वाट बघतात.