येशूचे देवत्व

येशूचे देवत्व : नासरेथचा येशू हा खरा देव आणि खरा माणूस, दोन्ही एकाच वेळी होता, ही ख्रिस्ती धर्माची मध्यवर्ती श्रद्धा. बायबलच्या नव्या करारातील येशूचे जीवन सांगणारी चार शुभवर्तमाने, आरंभीचा प्रचारक पौल याची व इतरांची पत्रे आणि प्रकटीकरण हे ग्रंथ तिचे मूळ आधार होत. श्रद्धेला नेमकी शब्दरचना मिळायला चौथे-पाचवे शतक उजाडले. नव्या करारात येशूला थेट ‘देव’ म्हणणारी वाक्ये शोधायला बसले, तर ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच सापडतात, आणि त्यांतल्या काहींच्या वाचनाबद्दल वादही आहेत. येशू काय करतो आणि भोवतालची माणसे त्याच्याशी कशी वागतात, हे पाहू लागले की चित्र पालटते. या नोंदीचा भर त्यावरच आहे.

पार्श्वभूमी : येशूचे पहिले शिष्य झाडून सगळे यहुदी होते. ‘परमेश्वर एकच आहे’ (अनुवाद 6:4) हे वचन त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत होते, आणि कोणा माणसाला देव म्हणणे हे त्यांच्या लेखी ईश्वरनिंदेचे पाप होते. रोमन जगात सम्राटांना देवपण मिळत असे, ग्रीक कथांतले देव माणसांत मिसळत. यहुद्यांना त्या साऱ्याचा तिटकारा होता. येशूच्या देवत्वाची कल्पना अशा घरात जन्मली, हे विसरून नव्या कराराचे वाचन करता येत नाही.

बिरुदे : फिलिप्पाच्या कैसरियाकडे जाताना येशूने शिष्यांना विचारले, ‘लोक मला कोण म्हणून म्हणतात?’ कोणी बाप्तिस्मा करणारा योहान म्हणत होते, कोणी एलीया. शिष्य पेत्राचे उत्तर होते, ‘आपण ख्रिस्त आहात’ (मार्क 8:27-29). ख्रिस्त म्हणजे अभिषिक्त, दाविदाच्या वंशातला अपेक्षित राजा. या पदवीत आपोआप देवत्व येत नाही. ‘देवाचा पुत्र’ हे बिरुदही जुन्या करारात इस्राएल राष्ट्राला आणि राजाला लावलेले आहे. उलट ‘मनुष्याचा पुत्र’ हे ऐकायला साधे वाटणारे नाव अधिक वजनदार ठरते. दानीएलाच्या सातव्या अध्यायात मनुष्याच्या पुत्रासारखा कोणी एक आकाशातील मेघांसह येतो आणि त्याला अक्षय प्रभुत्व मिळते. प्रमुख याजकासमोर चौकशीत येशूने नेमके तेच स्वतःला लावून घेतले, तेव्हा याजकाने वस्त्रे फाडली (मार्क 14:61-64). पुष्कळ प्रवचनांत ‘मनुष्याचा पुत्र’ म्हणजे माणुसकी आणि ‘देवाचा पुत्र’ म्हणजे देवत्व अशी सोपी वाटणी केली जाते. ती ग्रंथाला धरून नाही.

कृतींतून दिसणारी ओळख : मार्कचे शुभवर्तमान बहुतेक अभ्यासकांच्या मते चारांत सर्वांत आधीचे, इ. स. 70 च्या आसपासचे. त्याच्या दुसऱ्याच अध्यायात कफर्णहूमचा प्रसंग आहे. घरात आणि दारात पाय ठेवायला जागा नाही. चौघेजण एका पक्षघाती माणसाला घेऊन आले आहेत. गालीलातली घरे धाब्याची, माती थापलेल्या छपराची. चौघे वर चढले, छप्पर उकरले आणि बाज दोरांनी खाली सोडली असावी. बरे होण्यासाठी आलेल्या त्या माणसाला येशू म्हणतो, ‘मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे.’ तिथे बसलेल्या शास्त्र्यांच्या मनात येते, देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो? प्रश्न रास्तच होता. माझा अपराध केला तर क्षमा मी करावी. तिसऱ्याने येऊन माझ्या वतीने क्षमा करणे हा आगाऊपणा झाला, जोपर्यंत प्रत्येक अपराध मुळात त्या तिसऱ्याविरुद्धच नसतो. मार्क येथे देवत्वाबद्दल एक अक्षर लिहीत नाही. तो शास्त्र्यांना बरोबर प्रश्न विचारायला लावतो आणि उत्तरादाखल त्या माणसाला बाज उचलून चालायला लावतो.

असेच इतरत्र. वादळाला दटावून शांत करणे हे स्तोत्र 107 मध्ये परमेश्वराचे काम आहे. मार्कच्या चौथ्या अध्यायात ते येशू करतो, तेही नावेच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून झोपलेला असताना उठवला गेल्यावर. डोंगरावरील प्रवचनात तो ‘परमेश्वर म्हणतो’ असे संदेष्ट्यांसारखे म्हणत नाही. ‘मी तर तुम्हांला सांगतो’ असे म्हणून मोशेच्या नियमशास्त्राच्याही पुढे जातो.

नमन स्वीकारणे आणि नाकारणे : दोन प्रसंग शेजारी ठेवले की मुद्दा स्वच्छ होतो. आजच्या तुर्कस्तानातील लुस्त्र गावी पौलाने एका पांगळ्याला उभे केले. गावकरी लगेच ओरडले, देव मनुष्यरूपाने आपल्यात उतरले! पौलाचा सोबती बर्णबा याला ज्यूस आणि पौलाला हर्मेस हे ग्रीक देव ठरवून मोकळे झाले; गावाबाहेरच्या देवळाचा पुजारी बैल आणि हार घेऊन आला. पौल-बर्णबांनी कपडे फाडून गर्दीत उडी घेतली आणि आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहोत म्हणून विनवले (प्रेषितांची कृत्ये 14). प्रकटीकरणात देवदूताच्या पाया पडणाऱ्या ग्रंथकर्त्या योहानालाही ‘असे करू नको, देवाला नमन कर’ असे दोनदा बजावले जाते. आता दुसरा प्रसंग. पुनरुत्थानानंतर आठ दिवसांनी संशयी शिष्य थोमा येशूच्या जखमा पाहून ‘माझा प्रभू व माझा देव!’ असे उद्गारतो (योहान 20:28). येशू त्याला अडवत नाही, सुधारतही नाही. पौलाने आणि देवदूताने जे घाईने झटकले, ते येशू स्वीकारतो.

पौलाची पत्रे : येशूला देव करण्याचे काम पुढच्या पिढ्यांनी सावकाश केले, हे मत लोकप्रिय आहे. कालक्रम त्याच्या आड येतो. पौलाची पत्रे शुभवर्तमानांच्या आधीची, वधस्तंभापासून साधारण वीस-तीस वर्षांतली. करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र इ. स. 55 च्या सुमाराचे आहे. त्यात आठव्या अध्यायात पौल ‘परमेश्वर एकच’ या यहुदी वचनाचेच शब्द घेऊन ‘एकच देव पिता’ आणि ‘एकच प्रभू येशू ख्रिस्त’ अशी त्यांची मांडणी करतो. दोन देव होत नाहीत, आणि येशू त्या एकत्वाच्या बाहेरही राहत नाही. याच पत्राच्या शेवटी ‘मारानाथा’ हा अरामी उद्गार येतो : आमच्या प्रभू, ये. करिंथची मंडळी ग्रीक बोलणारी. तिच्या तोंडी अरामी प्रार्थना असणे म्हणजे ती पॅलेस्टाइनमधल्या पहिल्या शिष्यांकडून जशीच्या तशी आली असणार.

फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील ओळी बऱ्याच अभ्यासकांना पौलाच्याही आधीचे गीत वाटतात. देवाच्या स्वरूपाचा असून त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, वधस्तंभावरचे मरण सोसले. म्हणून देवाने त्याला उंच केले, यासाठी की येशूच्या नावाने प्रत्येक गुडघा टेकावा. हे शेवटचे वाक्य यशया 45:23 मधले आहे आणि तिथे ते फक्त परमेश्वराबद्दल आहे. बाहेरचा साक्षीदारही आहे. रोमन अधिकारी धाकटा प्लिनी याने सम्राट ट्राजनला इ. स. 112 च्या सुमारास कळवले की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात.

योहानाचे शुभवर्तमान : येथे आडपडदा उरत नाही. ‘प्रारंभी शब्द होता, आणि शब्द देवासह होता, आणि शब्द देव होता’ अशी सुरुवात होते, आणि पुढे तो शब्द देही होतो. ‘अब्राहामाच्या पूर्वी मी आहे’ असे येशू म्हणतो तेव्हा ऐकणारे दगड उचलतात. तोच योहान लाजराच्या कबरीपाशी रडणारा येशूही दाखवतो, आणि शोमरोनातल्या विहिरीवर दमून बसून पाणी मागणाराही.

अडचणीची वचने : बाजू मांडायची तर ही वगळून चालत नाहीत. ‘मला उत्तम का म्हणतोस? एकाशिवाय म्हणजे देवाशिवाय कोणी उत्तम नाही’ (मार्क 10:18). त्या दिवसाविषयी व त्या घटकेविषयी पुत्रालाही ठाऊक नाही (मार्क 13:32). ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ (योहान 14:28). वधस्तंभावरचा ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा टाहो. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एरियसने यांपैकी काहींवर बोट ठेवून पुत्र ही देवाची पहिली आणि श्रेष्ठ निर्मिती आहे, तो अनादी नाही, असे शिकवले. आजचे यहोवाचे साक्षीदार याच्या जवळ जाणारे मत मांडतात. देव एकच व्यक्ती मानणारे युनिटेरियन येशूचे देवत्व नाकारतात. कुराण ईसाला मसीह व कुमारीपुत्र मानते, देवाचा पुत्र मानत नाही. परंपरागत ख्रिस्ती उत्तर असे की ही वचने येशूच्या खऱ्या माणूसपणाची आहेत. अज्ञान, थकवा, भीती हे सोंग नव्हते. मार्क 13:32 बाबत हे उत्तर सहज बसते असे मात्र म्हणवत नाही. त्यावर धर्मशास्त्री आजही झगडत आहेत.

एका वचनाबद्दल सावध राहावे. जुन्या भाषांतरांत योहानाच्या पहिल्या पत्रात (5:7) पिता, शब्द व पवित्र आत्मा हे तिघे एक आहेत असे वाक्य आढळते. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. ग्रीक नवा करार छापणारा विद्वान इरॅस्मस याने 1516 आणि 1519 च्या आवृत्त्यांत ते घेतले नव्हते. 1522 मध्ये घातले. वादविवादात हे वचन पुढे करणारा स्वतःचीच बाजू लंगडी करतो.

धर्मपरिषदा : इ. स. 325 मध्ये नायसियाच्या परिषदेने पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरवून एरियसचे मत नाकारले. मामला तेवढ्याने मिटला नाही. नायसियाचा कैवारी अथानासियस पाच वेळा हद्दपार झाला. 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडलेला मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, आज उपासनेत म्हटला जातो. 451 च्या खाल्सेदोनच्या परिषदेने दोन स्वभाव, एक व्यक्ती हे सूत्र दिले : मिसळ नाही, बदल नाही, विभागणी नाही, फारकत नाही. चारही नकार. हे कसे घडते ते परिषद सांगत नाही, कुठे पाऊल टाकू नये तेवढे सांगते. कॉप्टिक व सिरियन ऑर्थोडॉक्स चर्चनी हे सूत्र मान्य केले नाही.

नाशिकमध्ये : ही श्रद्धा पंचवटीच्या गावात आली तेव्हा तिची अडचण उलटी झाली. यरुशलेमात माणूस देव कसा, हा प्रश्न होता. रामकुंडावर स्नान करणाऱ्याला देव माणूस होऊन येतो हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. लुस्त्रकरांसारखा तो चटकन हो म्हणतो. त्याला खटकते ते हे की देव एकदाच आणि एकाच माणसात येतो. ख्रिस्ती प्रचारकांनी अनेकदा अवतार म्हणजे लीला, देहाचे नुसते पांघरूण, असे सांगून फरक दाखवला. तो वाल्मीकीला न्याय देणारा नाही. पंचवटीत सीता हरवल्यावर राम झाडांना तिचा ठावठिकाणा विचारत रडतो, आणि युद्धकांडात देव समोर उभे असताना ‘मी स्वतःला माणूस, दशरथाचा मुलगा राम समजतो’ असे म्हणतो. अश्रू दोन्हीकडे खरे आहेत. फरक शेवटाशी आहे. राम शरयूत शिरून आपल्या वैष्णव तेजात परत जातो. येशू मात्र पुनरुत्थानानंतरही देह सोडत नाही : हातापायांवरच्या खुणा दाखवतो, शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खातो (लूक 24). ख्रिस्ती शिकवणीनुसार त्याने घेतलेले माणूसपण कायमचे आहे, आणि ते पुन्हा घेण्याची गरज उरत नाही.

नाशकातील ख्रिस्ती वस्तीचे जुने केंद्र शरणपूर. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ते वसवले, आणि अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुले तेथे शिकली. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचे शव मायदेशी पोहोचवणाऱ्यांतला आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत शवपेटीला खांदा देणारा जेकब वेनराइट नाशकाच्याच शाळेतला. फिलिप्पैकरांस पत्रातले ‘दासाचे रूप’ ज्यांनी खरोखर दास्य भोगले अशांच्या वर्गात वाचले गेले असणार.

मराठी कवी नारायण वामन टिळक (1861-1919) नाशकात गणेशशास्त्री लेले यांच्याकडे शिकले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगितले. एकतत्त्व, स्वभाव ही ग्रीक परिभाषा त्यांच्या अभंगांत जवळजवळ नाही. त्यांचा ख्रिस्त गुरू आहे, माउली आहे. काही मिशनऱ्यांना यात सिद्धान्त पातळ झाल्यासारखा वाटला असेल. पण वारकरी आपल्या विठ्ठलाला ज्या नावाने हाक मारतो तेच नाव येशूला देणे हे मारानाथाच्याच जातीचे आहे.

नाशिक रोडच्या बाळ येशू मंदिरात दर फेब्रुवारीत यात्रा भरते. मुंबई-वसईकडून भाविक येतात, आणि त्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. मूर्तीची घडण प्रागमधील बालयेशूच्या मूर्तीवरून घेतलेली. मूळ मूर्ती 1628 मध्ये तिथल्या कार्मेलाइट या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठाला मिळाली. डोक्यावर मुकुट, उजवा हात आशीर्वादाला वर, डाव्या हातात क्रूस बसवलेला पृथ्वीगोल : पाळण्यात असायच्या वयाचे मूल जग तोलून धरते आहे. नवस बोलणाऱ्याला खाल्सेदोन ठाऊक नसते, तरी त्याच्या पुढ्यात खाल्सेदोनच उभे असते. शरणपूरच्या सेंट अँड्र्यूज चर्चसारख्या प्रॉटेस्टंट परंपरेच्या उपासनेत अशा मूर्तिपूजेला स्थान नाही. मतांगीकार मात्र दोन्ही परंपरांना तोच मान्य आहे.