ज्योतीची काळी सावली

अंधारात हिरवट चमकणाऱ्या कुठल्याही स्टिकरला आपण बिनदिक्कत ‘रेडियम’ म्हणतो. एकेकाळी घड्याळांच्या काट्यांवर खरोखरच रेडियम असायचं. आजच्या स्टिकरमध्ये त्याचा कणही नसतो. बहुधा असतं स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट आणि त्यात किंचित युरोपियम व डिस्प्रोशियम. तेव्हा त्यातून किरणोत्सर्ग होतो ही भीती आधी सोडून द्या.

हा स्टिकर वर्गात फार कामाचा आहे. अंधारात त्यावर ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा लेझर फिरवला की चमकती रेघ उमटते. ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर तासभर फिरवा, काही होत नाही. लाल फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे ऊर्जाकण, संख्येने कितीही असले, तरी एकेकट्याची ऊर्जा तोकडी पडते आणि इथे वर्गणी काढून काम होत नाही. रेघ उमटली की अर्ध्या भागावर बर्फ ठेवा. तो भाग मंदावतो आणि पुन्हा ऊब मिळाली की उजळतो. उत्तेजित झालेले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या खाचांत अडकून बसतात आणि उष्णतेच्या धक्क्यानेच सुटतात. हे प्रस्फुरण. प्रकाश पडत असेपर्यंतच चमकणं म्हणजे अनुदीप्ती; तिच्यात असा मुक्काम नसतो. क्विनाइनच्या आम्लयुक्त द्रावणावर अतिनील प्रकाश टाकला की ते निळं उजळतं, आणि दिवा बंद होताच काही नॅनोसेकंदांत विझतं. हिरव्या पानांचा स्पिरिटमधला अर्क याच प्रकाशात चक्क लाल दिसतो. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये या प्रकाराला ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव दिलं ते फ्लुओरस्पार या खनिजावरून. अतिनील टॉर्चखाली काही हिरेही निळे चमकतात. ‘नागमणी’ म्हणून चमकता खडा दाखवणाऱ्याला आधी टॉर्च खिशात ठेवायला सांगावं.

पण माझा आवडता प्रयोग वेगळाच आहे. ज्योतीला सावली असते का? पांढऱ्या पडद्यासमोर कमी दाबाचा सोडियम दिवा लावा आणि मध्ये बर्नरची निळसर ज्योत ठेवा. पडद्यावर फार तर तापलेल्या हवेची थरथर दिसते. आता ओल्या तारेवर चिमूटभर मीठ घेऊन ते ज्योतीत धरा. ज्योत पिवळीधमक होते आणि त्याच क्षणी पडद्यावर तिची काळी सावली पडते! जी वस्तू स्वतः उजळली, तिचीच सावली.

सोडियमच्या अणूतला बाहेरचा इलेक्ट्रॉन एक पायरी वर चढायला साधारण २.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मागतो. दिव्यातून येणारा ५८९ नॅनोमीटरचा फोटॉन नेमकं तेवढंच देतो, कारण तो सोडियमच्याच अणूतून खाली उतरताना निघालेला असतो. ज्योतीतला अणू तो गिळतो, सरासरी १६ नॅनोसेकंद वरच्या पातळीवर राहतो आणि तसाच फोटॉन परत सोडतो, मात्र वाटेल त्या दिशेला. पडद्याकडे निघालेला प्रकाश असा चहूकडे विखुरतो. ज्योतीचा स्वतःचा प्रकाशही पडद्यावर पडतो, पण दिव्याच्या मानाने तो इतका थोडा की तूट भरून निघत नाही. अणूने गिळला तसाच फोटॉन परत सोडणं, हेच अनुस्पंदन प्रारण.

इथे एक कबुली द्यायला हवी. ज्योतीत वायूच्या रेणूंची एवढी गर्दी असते की पुष्कळ उत्तेजित अणू फोटॉन सोडण्याआधीच टकरींत ऊर्जा गमावतात. म्हणजे सावली खरी, पण विखुरलेला प्रकाश अपुरा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी हवा काढून घेतलेल्या काचेच्या फुग्यात सोडियमची वाफ घेऊन त्यावर सोडियमचाच प्रकाश टाकला, तेव्हा ती वाफ स्वतः पिवळी झळाळली. वाफ दाट केली की झळाळी आत शिरेनाशी होते आणि किरण जिथे आत येतो त्या काचेलगतच्या पातळ थरात गोळा होते. पुढे जाऊ पाहणारा फोटॉन पहिल्याच काही अणूंच्या तावडीत सापडतो.

सोडियम दिव्याऐवजी पांढरा एलईडी लावलात, तर सावली दिसणार नाही. ज्योत तेव्हाही आपला वाटा घेतेच, पण शेकडो नॅनोमीटरच्या पट्ट्यातली ती केसाएवढी चीर डोळ्याला कळत नाही. वर्णपटमापीला कळते. सूर्याच्या वर्णपटात नेमक्या ५८९ नॅनोमीटरजवळ दोन काळ्या रेषा आहेत. तिथे दिवा म्हणजे सूर्याचे खोलवरचे तप्त थर, आणि मीठ घातलेली ज्योत म्हणजे त्यांच्यावरचं, त्या मानाने थंड असलेलं सूर्याचंच वातावरण.